खांदा आखडला तर: पहिल्या कळेपासून हात पुन्हा वर जाईपर्यंत

डावा हात पाठीमागे जाईना आणि हूक लागेनात, इथून माझं सुरू झालं. मग फळीवरचा डबा उजव्या हाताने काढायला लागले, केस कसेबसे एका हाताने गुंडाळायला लागले. एका सकाळी भांडुपहून सुटलेल्या गाडीत धक्का बसला, सवयीने डावा हात झटकन वरच्या हँडलकडे गेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेजारच्या बाईने माझी पर्स धरली. म्हणाली, "खांदा जाम झालाय ना? माझाही झाला होता. दोन वर्षं गेली बघा."

दोन वर्षं म्हणजे ही काहीतरी वाढवून सांगतेय असं मला वाटलं. प्रत्यक्षात मला बावीस महिने लागले. त्यातले पहिले तीन मी 'झोपेत अवघडला असेल' म्हणत घालवले आणि चौथ्या महिन्यात एका मालिशवालीकडून तो हात ओढून घेतला. दोन्ही टाळता आलं असतं. ज्यांचा खांदा नुकताच धरायला लागलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं, ते सगळं.

आत नेमकं काय होतं

खांदा हा उखळीचा सांधा. उखळीत गोळा बसलेला आणि त्याभोवती पातळ, सैल पिशवीसारखं आवरण. काखेच्या बाजूला या पिशवीला एक घडी असते. हात वर नेला की ती उलगडते, खाली आणला की मिटते. खांदा आखडतो तेव्हा या आवरणाला आधी सूज येते, मग ते जाड होतं आणि आवळत जातं. सुती ब्लाउज पहिल्या धुण्यात आटला की काखेत कसा धरतो, हात वर न्यायला गेलं की सगळी शिवण ताणते, अगदी तसं. हाड झिजलेलं नसतं, म्हणून एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. तो पाहून घरचे म्हणतात, 'काही नाहीये, मनावर घेऊ नकोस.' तुम्ही मात्र तुमच्या दुखण्यावर विश्वास ठेवा. आवरण एक्स-रेत दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

'फ्रोझन शोल्डर' हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. दुखणं मात्र फार जुनं. सुश्रुतसंहितेत 'अवबाहुक' नावाचा वातविकार आहे. वायू खांद्याच्या ठिकाणी बसतो, तिथलं बंधन सुकवतो आणि शिरा आखडतो, असं त्याचं वर्णन. ते वाचलं तेव्हा मला माझाच खांदा कुणीतरी लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

साधारण चाळीस ते साठ या वयात हे होतं आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतं. मधुमेह असेल तर शक्यता कितीतरी पटींनी वाढते. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांमध्येही ते अधिक आढळतं. हात मोडून बरेच आठवडे झोळीत राहिला असेल, स्तनाचं ऑपरेशन झालं असेल किंवा पक्षाघातानंतर हात हलवता येत नसेल, तर त्यानंतरही खांदा धरू शकतो. आणि पुष्कळांना कसलंही कारण न सापडता होतो.

पहिली पायरी: हा तोच आजार आहे का?

घरी करायची एक परीक्षा आहे, आरशासमोर करा. दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, काटकोनात वाकवा, तळवे एकमेकांसमोर. आता कोपर कमरेपासून न सोडता दोन्ही हात दार उघडल्यासारखे बाहेर उघडा. एक हात सहज बाहेर गेला आणि दुसरा समोरच अडकून राहिला, तर आवरण आवळल्याची शंका घ्यायची. मग हात सैल सोडून घरातल्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर वळवायला सांगा. त्यांच्याही हाताला तो तिथेच अडला, तर शंका आणखी पक्की. तुम्हाला स्वतःला हात उचलवत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर सहज वर जातो, असं असेल तर बहुधा स्नायूच्या दोरीला, म्हणजे टेंडनला, इजा झालेली असते आणि तिचे उपचार निराळे.

ही परीक्षा फक्त अंदाजासाठी. पुढचं काहीही सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवाच. मुंबईत पालिकेच्या दवाखान्यापासून सुरुवात करता येते. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ऑर्थोपेडिक ओपीडीतून पुढे फिजिओथेरपी विभागात पाठवतात. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्था आहे, तिचं कामच या तऱ्हेच्या दुखण्यांचं. सरकारी ठिकाणी केसपेपरची रांग असते, सकाळी लवकर जावं लागतं, अर्धा दिवस मोडतो. पण फिजिओच्या त्या खोलीत भिंतीवरची खाचांची लाकडी पट्टी आणि हाताने फिरवायचं मोठं चाक दिसतं, शेजारी आपल्यासारखेच चार जण 'आई गं' म्हणत हात वर नेत असतात, आणि आपण एकटे नाही हे कळतं. मला त्याचा फार आधार वाटला.

डॉक्टर स्वतःहून म्हणाले नाहीत तर तुम्ही विचारा: रक्तातली साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). माझा मधुमेह या खांद्यामुळे सापडला. तोवर मला त्याची कसलीच कल्पना नव्हती. या सबंध लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही तपासणी करा.

खाली लिहिलेलं काही दिसलं तर मात्र शेक-तेल करत घरी बसू नका. डावा खांदा दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तेव्हा तात्काळ रुग्णालय गाठायचं, १०८ ला फोन करायचा. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला, पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, हाताला मुंग्या येऊन पकड सैल झाली, वजन कारणाशिवाय उतरायला लागलं किंवा दोन्ही खांदे एकदमच सकाळी जखडायला लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

दुसरी पायरी: आपण कुठल्या टप्प्यात आहोत

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली. हा आजार तीन टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यात खांद्याला वेगळी वागणूक लागते. एका टप्प्याचं औषध दुसऱ्यात दिलं की दुखणं चिघळतं.

पहिला, दुखरा. यात हात अजून बराच हलतो, पण कळ सतत असते आणि रात्री वाढते. साधारण दोन ते नऊ महिने. दुसरा, आखडलेला. कळ उतरते, पण हात खांबासारखा होतो. चार महिने ते वर्षभर. तिसरा, सुटणारा. हळूहळू हात मोकळा होतो, त्याला पाच-सहा महिन्यांपासून दोन वर्षंही लागतात. या सीमा घड्याळासारख्या नसतात, टप्पे एकमेकांत मिसळतात. म्हणून मी एक सोपी खूण धरली: रात्री खांद्याने जाग येते का? येत असेल तर अजून दुखरा टप्पा चालू आहे, ताणायचं नाही. सलग दहा-बारा रात्री झोप लागली, तर हळूहळू ताणायला सुरुवात करायची.

मालिशवालीने माझा हात ओढला तो चौथा महिना. दुखऱ्या टप्प्याचा ऐन मध्य. आधी तेल लावून तासभर चोळलं, मग 'एकदा कट्कन् सुटेल' म्हणून हात धरून वर खेचला. त्यानंतर तीन आठवडे मी बसून झोपले. सुजलेल्या आवरणाला हिसका दिला की सूज वाढते, आणि सूज वाढली की ते आणखी आवळतं. हिसका देणारा कुणीही असो, कितीही नावाजलेला असो, जाऊ नका.

दुखऱ्या टप्प्यात: आधी झोप

रात्र सावरली की दिवस सावरतो. उताणं झोपायचं असेल तर दुखऱ्या हाताखाली कोपरापासून खांद्यापर्यंत घडी केलेली गोधडी किंवा पातळ उशी ठेवा. हात मागे लोंबला की कळ निघते, म्हणून तो छातीच्या पातळीला टेकलेला हवा. कुशीवर झोपायची सवय असेल तर चांगल्या बाजूवर झोपा आणि दुखरा हात समोर घेतलेल्या उशीवर ठेवा. खाली गादी घालून झोपणाऱ्यांनी उठताना त्या हातावर भार देऊ नये. आधी कुशीवर वळा, चांगल्या हाताने रेटा द्या, मग बसा. मी दोन महिने नवऱ्याच्या जागेवर झोपले, कारण भिंत दुखऱ्या बाजूला आली की झोपेत वळताना हात आपटायचा. असे बदल घरात बोलून करून घ्या. कुढत सहन करू नका.

शेक हा या काळातला खरा सोबती. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. पिशवी नसेल तर तव्यावर जाडं मीठ गरम करून जुन्या सुती कापडाची पुरचुंडी बांधा. माझी आई त्यात मूठभर ओवा घालायची. ओव्याने आवरण सुटतं असं मी म्हणणार नाही, पण त्या वासाने मन सैल पडतं, आणि कळेत मन सैल पडणं ही थोडी गोष्ट नाही. गावाकडे एरंडाचं किंवा निर्गुंडीचं पान गरम करून बांधतात. हाताशी असेल तर जरूर करा, उष्णता मिळाल्याशी कारण. मधुमेह असलेल्यांनी एक सावधगिरी घ्यावी: त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळत नाही. शेक आधी दुसऱ्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा, किंवा घरच्यांना हात लावून पाहायला सांगा. पिशवी ठेवून झोपी जाऊ नका. ज्यांना या टप्प्यात उष्णतेने ठणका वाढतो त्यांनी बर्फ रुमालात बांधून दहा मिनिटं लावून बघावा. ज्याने बरं वाटेल ते खरं.

तेलाबद्दल. तीळतेल, नारायण तेल, निर्गुंडीचं तेल, जे घरात असेल ते चालेल. तेल कातडी ओलांडून सांध्याच्या आवरणापर्यंत पोचत नाही. पण खांदा दुखतो तेव्हा मानेपासून पाठीच्या फऱ्यापर्यंतचे सगळे स्नायू पहारा दिल्यासारखे ताठून बसतात. कोमट तेलाने हलक्या हाताने दहा मिनिटं चोळलं की ते सैल होतात आणि त्यानंतरचा व्यायाम सोपा जातो. म्हणून क्रम असा: तेल, शेक किंवा गरम पाण्याची आंघोळ, मग हालचाल. ज्यांना आयुर्वेदाचे उपचार रीतसर घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी वरळीचं पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे. तिथल्या वैद्यांना मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या सगळं सांगा.

आणि हालचाल? दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून ठेवणं सर्वात सोपं, आणि तेच नुकसानीचं. या टप्प्यात करायचा व्यायाम म्हणजे लंबक. कॉडमन यांच्याच नावाने तो ओळखला जातो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चांगला हात टेकवा, कमरेतून वाका, दुखरा हात सरळ खाली सोडा. खांद्याने हात फिरवायचा नाही. अंग हलकेच पुढे-मागे डोलवा, हात आपोआप झुलेल. मग डावी-उजवीकडे. मग बशीएवढं वर्तुळ, काही दिवसांनी ताटाएवढं. एकेक मिनिट, दिवसातून चार-पाच वेळा. चहा उकळेपर्यंत एक खेप होते. मी असंच मोजायचे.

आखडलेल्या टप्प्यात: रोज, थोडं, पुन्हा

रात्री शांत झाल्या की कामाला लागायचं. इथे एक मोजपट्टी लक्षात ठेवा. ताण जाणवला पाहिजे, पण चमक निघता कामा नये. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने दुखणं पुन्हा पहिल्यासारखं झालं, तर प्रमाण बरोबर. ते संध्याकाळपर्यंत रेंगाळलं किंवा रात्री जाग आली, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद मात्र करू नका.

पहिला व्यायाम सरकवण्याचा. टेबलाशी खुर्चीवर बसा, दुखऱ्या हाताखाली रुमाल ठेवा आणि अंग पुढे झुकवत हात पुढे सरकवा. हात उचलायचा नसल्याने भीती वाटत नाही. दहा वेळा.

दुसरा, भिंतीवर बोटं चालवण्याचा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. खांदा कानाकडे उचलून फसवणूक होते, तिच्यावर लक्ष ठेवा. जिथे थांबाल तिथे दहापर्यंत मोजा, चालतच खाली या. आठवड्याने तेच दुखरा खांदा भिंतीकडे करून उभं राहून, हात बाजूने वर नेत करा. मी स्वयंपाकघराच्या चौकटीवर दर रविवारी पेन्सिलने खूण करून तारीख लिहायचे. त्याच चौकटीवर दुसऱ्या बाजूला मुलाच्या उंचीच्या जुन्या खुणा होत्या. एका आठवड्यात फरक दिसत नाही आणि माणूस निराश होतो. सहा खुणा एकाखाली एक पाहिल्या की कळतं, दोन बोटं वर गेलोय.

तिसरा व्यायाम मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण आरशासमोरच्या परीक्षेत जी हालचाल अडली होती तीच हा मोकळी करतो. आपल्या प्रत्येकाच्या घरात पावसाळ्याची लांब छत्री असते. उताणं झोपा, दोन्ही कोपरं अंगाशी, दुखऱ्या कोपराखाली घडी केलेला टॉवेल. छत्री दोन्ही हातांत आडवी धरा आणि चांगल्या हाताने ती दुखऱ्या हाताकडे हळूहळू ढकला, म्हणजे दुखरा हात दाराच्या फळीसारखा बाहेर उघडेल. ताण आला की तिथेच पंधरा-वीस सेकंद श्वास सोडत थांबा. पाच वेळा. श्वास रोखला की स्नायू आवळतात, म्हणून मी मोठ्याने आकडे मोजायचे. बोलताना श्वास रोखता येत नाही.

पंचाचा व्यायाम शेवटी ठेवा. चांगल्या हाताने पंचा खांद्यावरून पाठीमागे सोडायचा, दुखऱ्या हाताने खालचं टोक कमरेमागे धरायचं आणि चांगल्या हाताने हलकेच वर ओढायचं. हूक लावण्याची हालचाल यातून परत येते. ती सगळ्यांत उशिरा येते, घाबरू नका. पहिले कित्येक आठवडे माझा हात मागच्या खिशाच्या वर गेला नव्हता.

हे सगळं मिळून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. एका बैठकीत तासभर करून मग चार दिवस सुट्टी, असं चालत नाही. सकाळी पाणी आल्यावर गरम आंघोळ होतेच, तिच्या लगेच नंतरची एक खेप. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर सरकवण्याची एक. रात्री शेक घेऊन छत्रीची एक. जमल्यास महिन्यातून एक-दोनदा फिजिओकडे जाऊन पद्धत तपासून घ्या. आपण नकळत पाठ वाकवून हात वर गेल्याचं समाधान मानत असतो, ते त्यांच्या नजरेला लगेच दिसतं.

घर, गाडी आणि ऑफिस

कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, काढताना तो सर्वात शेवटी. हे एक कळलं की रोजची निम्मी चीडचीड जाते. समोरून बटणांचे कपडे, पुढून हूक असलेले आतले कपडे काही महिन्यांपुरते घ्या. रोज लागणारे डबे छातीच्या उंचीवर उतरवून ठेवा. दोरीवर कपडे वाळत घालायला काठी वापरा किंवा ते काम घरातल्या दुसऱ्याला द्या. पाण्याने भरलेली बादली, कुकर, सिलिंडर यांना तो हात लावायचा नाही.

हलक्या कामांतून मात्र हाताला वगळू नका. पोळी लाटणं, ओटा पुसणं, टेबलावरची भाजी निवडणं, वहीत लिहिणं, यांत त्याला सामील ठेवा. चालताना तो हात खिशात किंवा पदरात गुंडाळून नेऊ नका, झुलू द्या.

लोकलमध्ये हँडल चांगल्या हाताने धरा आणि दुखरा खांदा डब्याच्या आतल्या बाजूला किंवा भिंतीकडे राहील असं उभं राहा. दाराशी उभं राहिलं की दादरला चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोंढ्याचा पहिला धक्का खांद्यालाच बसतो. दोन सीटांच्या मध्ये आत शिरलात तर सीटच्या पाठीची कड धरता येते, हात वर करावा लागत नाही. गर्दीची वेळ सोडून स्लो गाडी घेतली तर बिघडत नाही. मी वर्षभर घेतली, वीस मिनिटं जास्त गेली, पण खांदा वाचला. पर्स चांगल्या खांद्यावर, आणि तिच्यातलं निम्मं सामान घरी. ऑफिसात माउस टेबलाच्या कडेजवळ ठेवा, कोपर टेकलेलं असू द्या.

खाण्यापिण्यात काय

कुठल्याही पदार्थाने आटलेलं आवरण सैल होत नाही. हळदीचं दूध रात्री घेतलंत तर ऊब मिळेल, झोप येईल, घ्या. हळदीच्या अर्काच्या गोळ्या मात्र स्वतःहून सुरू करू नका, विशेषतः रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर. खाण्यातून या खांद्याला खरी मदत होते ती साखर आटोक्यात ठेवल्याने. जास्त राहिलेली साखर शरीरातल्या कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठर करते, आणि सांध्याचं आवरण त्याच धाग्यांचं बनलेलं असतं. तेव्हा चहातली साखर, दुपारचा वडापाव, रात्रीचा भाताचा ढीग यांवर लक्ष, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं हात झुलवत चालणं.

'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून बिनलेबलच्या पुड्या मिळतात. तीन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर आनंदाआधी शंका घ्या. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याचे प्रकार झालेले आहेत. साखर भडकते, रक्तदाब वाढतो आणि त्या एकदम बंद करणंही धोक्याचं ठरतं. वैद्यांकडूनच औषध घ्या, ज्यावर नाव, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता आहे असंच.

घरगुती उपाय कमी पडतात तेव्हा

दुखऱ्या टप्प्यात रात्री-रात्री झोप नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी घेणं किंवा सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणं यात काहीही कमीपणा नाही. मी 'नैसर्गिकच करणार' या हट्टापायी ते पाचव्या महिन्यापर्यंत टाळलं. घेतल्यावर आठवड्याभरात झोप परत आली आणि व्यायाम करता यायला लागला. आधीच घ्यायला हवं होतं, असं आज वाटतं. इंजेक्शनाचा उपयोग सुरुवातीच्या महिन्यांत जास्त होतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर चढते, म्हणून आधी सांगा आणि घरी मोजत राहा.

सहा-आठ महिने नेटाने करूनही हात जागचा हलत नसेल, तर पुढचे मार्ग आहेत: सांध्यात पाणी भरून आवरण फुगवणं, भूल देऊन हात हलवणं, दुर्बिणीतून आवरण मोकळं करणं. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. इंजेक्शनासह फिजिओ, भूल देऊन हालचाल आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिघांची त्यात तुलना होती. वर्षभरानंतर रुग्णांना जाणवेल असा मोठा फरक तिघांत दिसला नाही. मला यातून धीर आला. छत्री आणि पंचा घेऊन रोज जे चाललं होतं, ते कमी दर्जाचं काही नव्हतं.

सुटायला लागल्यावर

एके दिवशी केस बांधून झाल्यावर लक्षात येतं की दोन्ही हातांनी बांधले. इथे लोक व्यायाम सोडतात. सोडू नका. ताणाचे व्यायाम दिवसातून एकदा तरी चालू ठेवा आणि आता ताकदीचेही जोडा, कारण इतके महिने न वापरलेला दंड बारीक झालेला असतो. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पुरे. कोपर अंगाशी ठेवून ती वर-खाली, मग हात सरळ ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत. दहा-दहा वेळा, एक दिवसाआड.

काहींचा हात शेवटपर्यंत थोडा कमीच जातो. माझा डावा अजून उजव्यापेक्षा चार बोटं खाली थांबतो. त्याने माझं काही अडत नाही. एकदा बरा झालेला खांदा पुन्हा आखडणं क्वचितच घडतं, पण दुसरा खांदा धरू शकतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आरशासमोर कोपरं कमरेला लावून दोन्ही हात उघडून बघते, आणि चौकटीवर आता उजव्या हाताच्याही खुणा आहेत.